रेघ कोणाची? डोंबिवलीतली एक भिंत आणि डहाणूतला एक चौक

लोकलमध्ये असाल तर हेडफोनचा आवाज थोडा वाढवा. आजचा भाग इतिहासाचा आहे, पण सुरुवात माझ्या एका फजितीपासून करते.

मी डोंबिवलीची, चित्रकलेची विद्यार्थिनी. मागच्या वर्षी मला एका कॅफेची भिंत रंगवायचं काम मिळालं. मालक म्हणाला, "वारली काढ, लोक उभे राहून फोटो काढतात." सहा हजार रुपये ठरले. माझ्यासाठी ही मोठी रक्कम, कागद आणि रंगांचा अख्ख्या सेमिस्टरचा खर्च त्यात निघणार होता. मी मोबाइलवर पन्नासेक फोटो सेव्ह केले, भिंतीला गेरूसारखा रंग दिला आणि पांढऱ्या अ‍ॅक्रिलिकने दोन रात्रींत काम उरकलं. तारपा वाजवणारा माणूस, त्याच्याभोवती गोल नाच, ताडाची झाडं, आणि मधोमध एक मोठा नक्षीदार चौकोन. चौकोनाच्या आत काय काढायचं ते सुचेना. कॅफेच आहे म्हणून तिथे कॉफीचा कप काढला. खाली कोपऱ्यात माझी सही, शेजारी इन्स्टाचं नाव.

माझ्या वर्गात एक मैत्रीण आहे, डहाणूकडची, स्वतः वारली. तिला हौसेने भिंत दाखवायला नेलं. तिने दोन मिनिटं बघितलं आणि विचारलं, "लग्न कोणाचं आहे?"

मला कळेचना. "कसलं लग्न?"

"अगं, चौक काढलायस ना. चौक लग्नात काढतात. आत पालघाट असते, आमची देवी. तू तिच्या जागी कप बसवलास."

ती चिडली नव्हती. चिडली असती तर भांडून मोकळं होता आलं असतं. तिने खरोखरच साधा प्रश्न विचारला होता, आणि मला उत्तर माहीत नव्हतं. आजचा भाग म्हणजे त्या प्रश्नाच्या मागे मी जी फिरले, त्याची गोष्ट.

त्याच महिन्यात कॉलेजात आम्हाला 'मार्क मेकिंग'ची असाइनमेंट होती. ज्यांनी आर्ट केलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. एका मोठ्या शीटवर चौकटी आखायच्या आणि प्रत्येक चौकटीत वेगळी खूण उमटवायची. जुना टूथब्रश, कंगवा, शाईत बुडवलेला दोरा, चुरगळलेला कागद, बोटं, जे हाताला लागेल ते. माणूस नाही, झाड नाही, घर नाही. नुसते ठिपके, रेघा, ओरखडे, डाग. यातून कळतं असं की चित्र कशाचं आहे याच्या आधी चित्रात एक हात असतो. हात थरथरला, घाईत होता, दमला होता, सगळं रेघेत उतरतं.

मॉडर्न आर्टचा इतिहास एका बाजूने असाही सांगता येतो, की ही रेघ हळूहळू मोकळी होत गेली. पूर्वी तिचं काम नाक दाखवणं, पदर दाखवणं. मग जर्मनीतल्या बाउहाउस शाळेत शिकवणाऱ्या पॉल क्लीने १९२५ मध्ये आणि वासिली कँडिन्स्कीने १९२६ मध्ये अशी पुस्तकं काढली, ज्यांत बिंदू आणि रेषा हाच अभ्यासाचा विषय होता. बिंदू हलला की रेषा होते, एवढ्या साध्या गोष्टीपासून सुरुवात. आणि हे आपल्यापासून फार लांब नव्हतं बरं का. त्याआधीच, डिसेंबर १९२२ मध्ये, या दोघांची चित्रं कोलकात्यात प्रदर्शनाला येऊन गेली होती.

पुढे १९४७ च्या सुमारास अमेरिकेत जॅक्सन पोलॉकने कॅनव्हास ईझलवरून काढून थेट जमिनीवर अंथरला आणि वरून रंग ओघळत सोडला. तो म्हणजे मार्क मेकिंगचा हीरो. पण आपली ही पद्धत अमेरिकेच्या पश्चिमेकडे वाळूची चित्रं काढणाऱ्या मूळनिवासींच्या जवळची आहे, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. म्हणजे जमिनीवर वाकून, चिमटीतून रंग सोडत चित्र काढणारी माणसं त्याच्या आधीपासून होती.

हे वाचलं तेव्हा मला माझी आजी आठवली. रोज सकाळी दारात चिमटीतून रांगोळी सोडणारी. आणि आमच्या डोंबिवलीत पाडव्याच्या स्वागतयात्रेच्या आदल्या रात्री रस्त्यावर पाचही बोटांनी मोठमोठ्या रांगोळ्या घालतात, तेही आठवलं. सकाळी यात्रा त्यावरून निघते, दुपारपर्यंत रिक्षांनी सगळं पुसून जातं. पोलॉकचं नाव जगाला माहीत आहे. आजीची रांगोळी घरच्यांनी तरी नीट बघितली का, याची मला शंका आहे.

आता मुंबईत येऊ.

त्याच १९४७ मध्ये मुंबईत सहा तरुणांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे. सूझा गोव्याचे, जे. जे. मधून काढून टाकलेले. आरा घरकाम करून, गाड्या पुसून चित्रकार झालेले. ही काही श्रीमंत घरांतली पोरं नव्हती. त्यांचं म्हणणं होतं, विषय काय घ्यायचा आणि तंत्र कोणतं वापरायचं हे आम्हाला कोणी सांगायचं नाही. देश स्वतंत्र होतोय, रेघही स्वतंत्र होऊ दे.

त्यांच्या आसपास वावरलेले वासुदेव गायतोंडे. १९२४ चा जन्म, गिरगावच्या चाळीत वाढलेले, १९४८ मध्ये जे. जे. तून डिप्लोमा. क्लीच्या रेघेवर त्यांचं फार प्रेम होतं. पुढे त्यांच्या चित्रातून माणसं गेली, वस्तू गेल्या, आणि उरला रंगाचा एक खोल पडदा. ते रोलर वापरायचे, पॅलेट नाइफने रंग खरवडायचे, कागदाचे तुकडे रंगात माखून कॅनव्हासवर दाबायचे. म्हणजे आमची असाइनमेंटच, पण आयुष्यभर केलेली. २०२१ मध्ये त्यांचं १९६१ चं एक चित्र लिलावात जवळपास ४० कोटींना गेलं.

आणि नसरीन मोहम्मदी. १९३७ चा जन्म कराचीचा, शिक्षण लंडनला, नंतर बडोद्यात शिकवलं, आणि १९९० मध्ये मृत्यू आपल्या अलिबागजवळच्या किहीमला. कागद, पेन्सिल, शाई आणि इंजिनिअर लोक वापरतात तसली आखणीची साधनं. नुसत्या रेघा. शेवटच्या काळात आजारपणामुळे शरीरावरचा ताबा सुटत चालला होता, तरी कागदावरची रेघ सुतासारखी सरळ. तिची चित्रं मोबाइलवर बघू नका, म्हणजे बघा, पण त्यात ती कळत नाहीत. समोर उभं राहिलं की लक्षात येतं, एकेका रेघेसाठी बाईने श्वास रोखून धरला असणार.

इथपर्यंतचं सगळं आमच्या अभ्यासक्रमात आहे. परीक्षेत दहा मार्कांना येतं. आता जे सांगणार आहे ते नाही. त्यासाठी कल्याणला गाडी बदलून तीन स्टेशनं पुढे जायचं, टिटवाळ्याला.

टिटवाळा म्हटलं की आपल्याला गणपती आठवतो. पण जानेवारी १९४५ मध्ये इथे किसान सभेचं अधिवेशन भरलं होतं, गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या पुढाकाराने. तेव्हा ठाणे जिल्हा थेट डहाणू, तलासरी, उंबरगावपर्यंत पसरलेला होता. तिकडचे काही वारली शेतकरी टिटवाळ्याला आले, भाषणं ऐकली आणि परत जाऊन गावात सांगितलं. २३ मे १९४५ ला झरी गावात वारल्यांची सभा झाली. ठरलं असं की वेठ करायची नाही, म्हणजे फुकट राबायचं नाही, आणि रोजी बारा आणे मिळाल्याशिवाय सावकाराच्या शेतात पाऊल टाकायचं नाही. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण गेले. गोदावरीबाईंनी हा सगळा लढा 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहून ठेवलाय.

तुम्ही म्हणाल, हिचा विषय चित्रकला ना? थांबा, तिथेच येतेय.

वेठीचा एक प्रकार होता लग्नगडी. गडी म्हणजे नोकर. लग्नासाठी सावकाराकडून थोडेसे पैसे उचलायचे, आणि त्या बदल्यात नवरा-बायको दोघांनी सावकाराकडे राबायचं. कर्ज कधी फिटायचंच नाही. थोड्या रुपयांसाठी अख्खं आयुष्य, कधी कधी पुढच्या पिढीचंही. वारल्यांच्या उठावाने जे आधी मोडलं, त्यात ही लग्नगडीची पद्धत होती.

हे वाचताना मला भिंतीवरचा माझा चौक दिसायला लागला. कारण तो चौक लग्नाचाच.

मैत्रिणीकडून आणि पुस्तकांतून जे कळलं ते सांगते. कारवीच्या कुडाची भिंत, तिला शेणमातीचा हात, वर गेरू. तांदूळ वाटून पाण्यात कालवायचा, तो पांढरा रंग. बांबूची काडी टोकाला चावून मऊ केली की झाला ब्रश. लग्नाच्या वेळी सुवासिनी बायका घरातल्या भिंतीवर चौक काढतात आणि धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते. मधोमध पालघाट, भोवती झाडं, जनावरं, नाच. शेजारी छोटा देवचौक, त्यात घोड्यावरचा पंचशिर्या. चौकाशिवाय लग्न लागत नाही. शोभेचा भाग नाही तो, विधी आहे. आणि काम झालं की पुढच्या सारवणात ते चित्र झाकलं जातं. सही नाही, तारीख नाही.

आता दोन गोष्टी शेजारी ठेवा. ज्या लग्नामुळे दोन माणसं सावकाराची बांधील व्हायची, त्याच लग्नासाठी बायका रात्र जागून तांदळाच्या पिठाने भिंतीवर पालघाट बसवायच्या. घरात खायला तांदूळ किती असेल माहीत नाही, पण त्यातला मूठभर भिंतीसाठी वाटला जायचा. मुंबईत सहा चित्रकार रेघेचं स्वातंत्र्य मागत होते, तेव्हा शंभरेक किलोमीटरवर ही रेघ काढणारे हात स्वतःच मोकळे व्हायला झगडत होते. मला प्रोग्रेसिव्ह ग्रुपला कमी लेखायचं नाहीये. पण मॉडर्न आर्टच्या प्रकरणात १९४७ शिकताना मला कोणीतरी टिटवाळ्याचं नाव सांगायला हवं होतं. माझ्या घरापासून ते अर्ध्या-पाऊण तासावर आहे हो!

पुढची गोष्ट तुमच्यापैकी काहींनी ऐकली असेल. भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार होते. आधी ते बिहारच्या दुष्काळात मिथिलेत गेले आणि तिथल्या बायकांना भिंतीवरची चित्रं कागदावर काढायला प्रोत्साहन दिलं. तीच आज आपण मधुबनी म्हणून ओळखतो. मग १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ते डहाणूच्या गंजाडकडे आले, कागद आणि रंग घेऊन. तिथे त्यांना जिव्या सोमा मशे भेटले.

जिव्या सोमांचा जन्म १९३४ चा. झरीची सभा झाली तेव्हा ते अकराएक वर्षांचे असणार. लहानपणी आई गेली आणि मुलगा बोलायचाच थांबला, जे सांगायचं ते धुळीत रेघा काढून सांगायचा, अशी आठवण त्यांच्याबद्दल सांगतात. भिंतीवरची चित्रं बायकांची, लग्नापुरती. हा पुरुष मात्र रोज काढायला लागला, लग्न असो नसो. १९७५ मध्ये मुंबईत जहांगीरच्या वरच्या मजल्यावर असलेल्या गॅलरी केमोल्डमध्ये त्यांची चित्रं लागली. १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार. १९८९ मध्ये पॅरिसला जगभरच्या शंभरावर कलाकारांचं मोठं प्रदर्शन भरलं, त्यात ते होते. २००३ मध्ये जर्मनीत ब्रिटिश कलाकार रिचर्ड लाँगच्या जोडीने त्यांचं प्रदर्शन झालं. २०११ मध्ये पद्मश्री. १५ मे २०१८ ला ते गेले.

त्यांचं मासेमारीच्या जाळ्याचं चित्र शोधून बघा. अख्खा कागद भरून बारीक पांढऱ्या रेघा, एकीत एक गुंतलेल्या, आणि कुठेतरी कोपऱ्यात मुंगीएवढी माणसं. दूरून बघितलं की जाळं श्वास घेतंय असं वाटतं. मी नसरीनची जाळीदार रेघ आणि जिव्या सोमांचं जाळं मोबाइलवर शेजारी शेजारी लावून बराच वेळ बघत बसले. एकीच्या हातात आखणीची पट्टी, एकाच्या हातात बांबूची काडी. एक १९३७ ची, एक १९३४ चे. दोघंही समकालीन, दोघंही रेघेच्या मागे आयुष्य घातलेले. पण माझ्या नोट्समध्ये नसरीन 'आधुनिक भारतीय कला' या प्रकरणात आहे, आणि जिव्या सोमा 'लोककला' या प्रकरणात. मधे बहुतेक ८० पानं आहेत.

पहिली अडचण ही. 'लोककला' म्हटलं की आपण तारीख काढून टाकतो. 'हजारो वर्षांची परंपरा' म्हणतो आणि मोकळे होतो. मग तिथे कोणी माणूस उरत नाही ज्याने अमुक सालात अमुक निर्णय घेतला. जिव्या सोमांनी निर्णय घेतले होते. लग्नाबाहेर काढायचं, रोज काढायचं, कागदावर काढायचं, देवीच्या चौकाबाहेरचं जाळं आणि वारूळ काढायचं. आधुनिक म्हणजे आणखी काय वेगळं असतं?

दुसरी अडचण मला उशिरा दिसली. ती मैत्रिणीने दाखवली. मी जिव्या सोमांबद्दल भरभरून बोलत होते आणि ती म्हणाली, "बरोबर आहे. पण माझ्या आजीचं नाव कुठे आलं? चौक तर ती काढायची."

चित्र भिंतीवर होतं तोवर ते बायकांचं होतं. कागदावर आलं, विकलं जायला लागलं, त्यावर सही आली, तेव्हा सह्या जास्त करून पुरुषांच्या आल्या. यात जिव्या सोमांचा दोष नाही, उलट त्यांच्यामुळे कित्येक घरं चालली. पण इतिहास लिहिताना ज्याची सही आहे तोच कलाकार असं धरलं की माझी आजी आणि तिची आजी, दोघीही बाहेर राहतात. आणि मी? मी तर दोन रात्रींत रंगवलेल्या भिंतीवर कोपऱ्यात सही ठोकून आले होते.

तर मग त्या भिंतीचं काय झालं?

मी मालकाकडे गेले. म्हटलं, दादा, मधला चौक मला बदलायचाय, पैसे नकोत. तो म्हणाला, "कशाला? सगळ्यात जास्त फोटो तिथेच काढतात." मी पालघाटचं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, मग म्हणाला, देवी तर अजिबात नको, लोक तिथे पाय पसरून बसतात. हे त्याचं बरोबरच होतं. शेवटी ठरलं ते असं. चौकाची नक्षी आणि कप दोन्ही मी गेरू रंगाने झाकलं. तिथे आता रिकामी भिंत आहे, भोवती नाच चालू आहे. माझी सहीही झाकली. दिवसाउजेडी नीट बघितलं तर खालचा पांढरा अजून थोडा दिसतो. एकाच हातात पांढरा झाकला जात नाही, हे भिंत रंगवणाऱ्या कोणालाही माहीत असतं.

मैत्रिणीला विचारलं, मी आता वारली काढूच नको का? ती हसली. "मी असं कधी म्हटलं? माझा भाऊ कपांवर, ट्रेवर काढून विकतो. पोट आहे. तू काय काढतेस ते तुला माहीत असू दे, एवढंच." आणि वर, "पुढचं काम आलं तर मला सांग. सहा हजारांत दोघी काढू."

आलं काम. दोघींनी काढलं. चौक नव्हता त्यात, तिने काढू दिला नाही. तिची रेघ आणि माझी रेघ शेजारी शेजारी आहेत, आणि कुठली कोणाची हे लांबूनही ओळखू येतं. माझी सरळ आहे पण घाबरलेली. तिची वाकडी जाते आणि मग बरोबर जागी पोचते. मार्क मेकिंगच्या चाळीस चौकटी भरून जे कळलं नव्हतं ते त्या भिंतीपाशी कळलं. रेघ हातातून येते खरी, पण हात कुठून आला तेही ती बरोबर घेऊन येते.

१ ऑगस्ट २०१४ ला ठाणे जिल्ह्याचे दोन भाग झाले आणि डहाणू, तलासरी पालघर जिल्ह्यात गेले. त्यामुळे आता कागदावर वारली चित्रकला 'आपल्या' ठाण्याची राहिली नाही. पण आपल्या सोसायट्यांच्या गेटवर, शाळांच्या भिंतींवर, कुर्त्यांवर, पाण्याच्या बाटल्यांवर ती आहेच. तर या आठवड्यात एक करा. तुमच्या रस्त्यात जी वारली भिंत येते तिच्यासमोर एक मिनिट थांबा. चौक आहे का बघा. असेल तर आत कोण बसलंय ते बघा. आणि ती भिंत कोणी काढली हे विचारता आलं तर विचारा. उत्तर मिळालं तर मला व्हॉइस नोट पाठवा. आपण ती नावं एका भागात वाचून दाखवू.

मी निघते. बदलापूर आली, चढायला मिळतंय का बघते. भेटूया पुढच्या भागात!